मामाने गप्प बसायचं ठरवलं तेव्हा

आमच्या घरात बोलण्यातल्या चुकांसाठी बरेच शब्द आहेत आणि ते सगळे माझ्यावर वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत.

कोणत्या चुकीला कोणता शब्द, याबाबत माझी बायको सुनंदा फार काटेकोर आहे. एकदा तेराव्याच्या जेवणावरून उठताना मी यजमानांना "पुन्हा बोलवा" म्हणालो, ते 'घसरणं'. (जीभ आपली आपण घसरते, माणसाचा तितकासा दोष नसतो, एवढी सवलत ती देते.) शेजारच्या किशोरने नवी मोटरसायकल आणली, तिला हार घातला, पेढे वाटले आणि मी पेढा तोंडात टाकता टाकता म्हणालो, "याच गाडीवरून आमच्या दुकानातला एक जण पडला, अजून लंगडतो." ते 'पचकणं'. पचकण्यात माणूस खरं बोलतो, पण नको तिथे आणि नको तेव्हा. तलाठ्याने दरडावून गावाचं नाव विचारलं तेव्हा मी "सुनंदा" असं सांगितलं, ती 'बोबडी वळणं'. (ही एकच चूक तिने माफ केली. थोडी लाजलीसुद्धा!) शाळेच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात मी "सर चालले याचं फार वाईट वाटतं" इथून निघालो आणि "पण आता शाळा सुधारेल" इथे जाऊन पोचलो, ते 'वाहवणं'. आणि सगळ्यांच्या वर 'शेण खाणं'. हा शब्द ती जपून वापरते. सणासुदीच्या साडीसारखा.

मी शहापूरला खतं आणि बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. पूर्वी काउंटरवर असायचो. एका शेतकऱ्याला मी मनापासून सांगितलं, "हे औषध मारा नायतर नका मारू, करपा काय जात नाय." तेव्हापासून मालकांनी मला मागच्या गोदामात ठेवलं आहे. गोण्यांशी माझं चांगलं जमतं.

अशा माणसावर भाचीच्या लग्नाची बोलणी करायची वेळ आली, ती एका दाढेमुळे.

माझी थोरली बहीण, ताई, आमच्याच सापगावात दिलेली आहे. तिची एकुलती एक मुलगी दीपाली. शहापूरच्या एका दवाखान्यात ती नर्स आहे. तिथेच लॅबमध्ये काम करणारा प्रशांत तिला आवडला. मुलगा चांगला, आपल्यातलाच, घर मुरबाड तालुक्यात सरळगावच्या आत. दोन्हीकडच्या आईबापांची मनातून तयारी होती. पण आमच्याकडे मनातून तयारी असून चालत नाही. मुलाच्या घरी रीतसर बैठक बसते, बोलणी होतात, पटलं तर तिथेच सुपारी फुटते. सुपारी फुटली की लग्न ठरलं. नाही फुटली, तर मग मुलामुलीचं कितीही पटलेलं असो, दोन्ही घरांचा अपमान होतो आणि पुन्हा तो विषय कोणी काढत नाही.

या बैठकीत मुलीचा बाप बोलत नाही. तो मान खाली घालून बसतो. बोलायला एक बोलका माणूस नेतात. ताईच्या घरचा बोलका माणूस म्हणजे तिचे चुलत दीर, तात्या. आमच्या बाजूच्या निम्म्या सुपाऱ्या त्यांच्या तोंडाने फुटलेल्या. बैठकीच्या आदल्या दिवशी तात्यांनी दाढ काढली आणि सकाळी त्यांचा गाल एवढा सुजला की ते "नमस्कार" म्हणाले तर "नफ्काल" ऐकू आलं.

"आता मामानंच बोलायला पायजे," भाऊजी म्हणाले. मुलीच्या मामाचा मान बापाच्या खालोखाल. दुसरं कोणी चालणार नव्हतं.

हे ऐकून घरात कोणी रडायला लागलं नाही, एवढंच. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि देवाकडे पाहिलं. दीपाली मात्र सरळ माझ्यापुढे येऊन बसली.

"मामा, मला हेच घर पायजे," ती म्हणाली. "तुमी एवढंच करा. बोलू नका."

"बोलायलाच चाललोय ना गो मी?"

"जा. पन बोलू नका."

तिचे डोळे भरून आले होते. या पोरीला मी खांद्यावर बसवून डोळखांबच्या बाजाराला नेलेलं आहे. तिचं लग्न माझ्या जिभेवर लटकलंय हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. म्हटलं, बास. आज काही झालं तरी तोंडातून वावगा शब्द जाऊ द्यायचा नाही.

तोडगा सुनंदाने काढला. किन्हवलीमार्गे आमची गाडी चालली होती, भाऊजी पुढे, ताई, सुनंदा आणि मी मागे. सुनंदाने मला दोन वाक्यं दिली. एक, "बरोबर." दुसरं, "तुमी म्हणाल तसं."

"आनि ही दोनी चालणार नाय असं वाटलं तर?" मी विचारलं.

"तर पानी मागा."

"पन..."

"पन नाय! तिसरं वाक्य तोंडातून आलं तर बघा."

सरळगाव येईपर्यंत तिने माझी उजळणी घेतली. "प्रवास कसा झाला?" "बरोबर." "अहो, तिथं मान हलवा नुसती!" मग मान हलवायची उजळणी झाली.

प्रशांतच्या घरातले कर्ते म्हणजे त्याचे थोरले काका, आप्पा; त्यांच्यापुढे प्रशांतचे वडीलही बोलत नाहीत. पांढरी टोपी, रुंद मिशी, आवाज असा की शेजारच्या पाड्याला वेगळा निरोप धाडायला नको. घर छान होतं. रुंद ओटी, खाली नवी लादी, समोर भाताचं शेत. ओटीवर सतरंजी टाकलेली, गावातली चार माणसं बसलेली, आणि मधोमध ताट. ताटात नारळ, सुपारी, वर लाल कापड. प्रशांत दाराशी उभा होता. ताई आणि सुनंदा आत बायकांत गेल्या, पण सुनंदाने बरोबर उंबऱ्याच्या आत अशी जागा धरली, जिथून तिला मी दिसेन आणि मला ती.

आप्पांनी घसा साफ केला. "काय मामा, आमच्याकडचा रस्ता लय खराब. तुमाला तरास झाला असंल."

"बरोबर," मी म्हणालो.

रस्ता खराब होताच. कोणाला काही वाटलं नाही. पहिलाच चेंडू नीट खेळल्यासारखा मी खूश झालो. आतून सुनंदा खोकली. शाबासकी देतेय असं मी समजलो.

इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात पाहुण्यासमोर आपल्या घराला कमी लेखायची रीत आहे. यजमानाने म्हणायचं, घर लहान आहे. पाहुण्याने लगेच म्हणायचं, छे छे, लहान कुठलं, केवढं मोठं आहे! यजमानाने म्हणायचं, जेवण साधंच आहे. पाहुण्याने म्हणायचं, असं जेवण कुठे मिळतं! यात खरंखोटं कोणी बघत नाही. पाच वर्षांच्या पोराला ही रीत कळते. मलाही कळत होती. पण "छे छे" हे तिसरं वाक्य होतं!

"घर आमचं आपलं असंच हाय," आप्पा म्हणाले. "तुमच्या शहापूरच्या मानानं काईच नाय."

ओटीवरच्या चारही माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुनंदाकडे पाहिलं. तिने डोळे मोठे केले.

"बरोबर," मी म्हणालो.

आप्पांची मिशी थोडी हलली. एक म्हातारा शेताकडे बघायला लागला. भाऊजींना बोलता आलं असतं तर त्यांनी सावरून घेतलं असतं, पण बापाने बोलायचं नाही म्हणून ते मान खाली घालून बसलेले, आणि आता तर त्यांची हनुवटी छातीला टेकली.

"पोरगा आमचा काय लय शिकलेला नाय," आप्पा जरा मोठ्याने म्हणाले. "आपला डिप्लोमा केलाय कसातरी."

'बरोबर' म्हणणं बरोबर नाही एवढं मला कळत होतं. म्हणून मी युक्ती केली. मान जोरात नाही नाही अशी हलवली आणि तोंडाने म्हणालो, "बरोबर."

यातून काय समजायचं ते आप्पांना समजलं नाही. मग त्यांनी वाईटच समजून घेतलं. दाराशी प्रशांतचा चेहरा उतरला. सुनंदा आता लागोपाठ खोकत होती. आतून कोणीतरी तिला विचारलं, "औषध देऊ काय गो?"

"पानी द्या," मी ओरडलो.

पाणी आलं. मी प्यालो. आणखी मागितलं. तेही प्यालो. तांब्या संपेपर्यंत कोणी काही विचारणार नाही, असा माझा हिशेब होता. पण ते घर पाहुणचाराला पक्कं, तांब्या संपला की दुसरा हजर! शेवटी पोटात भातसा धरण भरलं आणि मी भांडं खाली ठेवलं.

आप्पा वाट बघत होते. "आता जेवायला वालाचं बिरडं आनि भाकरी केलीय. आमच्या हिच्या हाताला काय चव नाय, तवा गोड मानून घ्या."

आतली भांडी वाजायची थांबली. 'ही' म्हणजे आप्पांची बायको, माई. ती पहाटेपासून वाल सोलत बसली होती, हे मला मागाहून कळलं. आप्पांच्या बायकोच्या स्वयंपाकाबद्दल आता मी काय म्हणतो, इकडे सगळ्या घराचा कान लागला होता. माझ्या डोक्यात 'छे छे' जोरजोरात नाचत होतं. पण दीपालीचे भरलेले डोळे समोर आले, आणि मी घाबरून, अगदी निष्ठेने म्हणालो, "बरोबर."

आत पळी पडल्याचा आवाज आला.

आप्पा उठून उभे राहिले. "मामा, सरळ सांगा. म्हंजे आमचं घर तुमच्या पसंतीला उतरत नाय. असंच ना?"

'बरोबर' म्हणून चालणार नाही हे उघड होतं. पोटात पाण्याला जागा नव्हती. माझ्याजवळ एकच वाक्य शिल्लक होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "तुमी म्हणाल तसं."

एवढी शांतता मी गोदामातसुद्धा ऐकलेली नाही.

मग आप्पांनी प्रशांतला खूण केली. "ताट आत ने."

प्रशांतने नारळ-सुपारीचं ताट उचललं. लाल कापड नीट केलं आणि मान खाली घालून आत चालायला लागला. उंबऱ्यापाशी ताई उभी होती, तोंडावर पदर धरून. तिच्या हातातला मोबाइल वाजत होता. दीपालीचा फोन. ताई तो उचलत नव्हती आणि बंदही करत नव्हती.

तो फोन वाजताना मी पाहिला आणि मला राहवलं नाही.

"थांब रे!" मी ओरडलो. "ताट नेऊ नको! आप्पा, मला बोलायला बंदी हाय!"

"कोणाची?"

"घरच्यांची! सगळ्यांची! मला दोनच वाक्यं दिलीत!" आणि एकदा सुटलो तो सुटलो. "तुमचं घर लहान? आमच्याकडं पाहुना आला तर आमच्यातला एक जन अंगणात जाऊन बसतो! तुमच्या ओटीवर आमचं आख्खं घर बसंल! आनि वालाचा वास येतोय तो काय वास हाय हो! आमच्या हिला जन्मात असं बिरडं जमलं नाय!"

(आत सुनंदाचा खोकला एकदम बरा झाला.)

"आनि डिप्लोमा कसातरी? या पोरासाठी आमच्या दीपालीनं दोन स्थळं मोडली! एक तर सरकारी नोकरीवाला! आईला बोलली, करीन तर त्याच्याशीच, नायतर जनमभर इंजेक्शनं देत बसंन!"

हे मी काय बोललो ते बोलून झाल्यावर मला कळलं. मुलीने मुलगा स्वतः पसंत केलाय, ही गोष्ट दोन्ही घरांना माहीत होती, पण ती बैठकीत काढायची नसते. बैठकीत सगळ्यांनी असं बसायचं असतं की मुलगा-मुलगी एकमेकांना ओळखतही नाहीत. भाऊजींनी इतक्या वेळात पहिल्यांदा मान वर केली, ती कपाळावर हात मारायला. आतून सुनंदाचा आवाज स्पष्ट आला, "खाल्लं शेण."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "दोन स्थळं मोडली?"

"हो."

"त्यात एक सरकारी नोकरीवाला?"

"पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात."

आप्पांची मिशी हळूहळू पसरायला लागली. ते गावातल्या त्या चार माणसांकडे वळले. "ऐकलंत? सरकारी नोकरीवाला सोडून पोरगी आमच्या घरात यायला बघतेय! आनि का नाय बघणार? आख्ख्या मुरबाड तालुक्यात अशी ओटी दाखवा मला! ही लादी बघा, राजस्थानातनं आणवली! आमच्या भाताचा वास कल्याणपातूर जातो! प्रशांत डिप्लोमाला पहिला आला, पहिला!"

"तिसरा, आप्पा," प्रशांत ताट धरून उभ्या उभ्या म्हणाला.

"झालं! सुटले!" माई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसतच सुटली. हसता हसता ती उंबऱ्यावर बसली. "अहो मामा, आमी पन यांना बंदी घातलीय!"

मग सगळं बाहेर आलं. आप्पांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाच्या बैठकीत आप्पांनी सांगितलं होतं की आमच्याकडे सुनेला काडी उचलावी लागत नाही, कामाला तीन बाया आहेत. मुलीकडच्या बायका खात्री करायला आल्या, तेव्हा त्या तीन बाया म्हणजे स्वतः माई, तिची जाऊ आणि सासू असं निघालं. ते स्थळ मोडलं. म्हणून या वेळी माईने दम भरला होता, की स्वतःचं एकही कौतुक करायचं नाही, काय बोलाल ते कमीच करून बोलायचं. आप्पा बिचारे जीव मुठीत धरून घराला नावं ठेवत होते, पाहुणा कधी "छे छे" म्हणतोय याची वाट बघत. आणि पाहुणा "बरोबर" म्हणत होता!

"माझा जीव किती जळत होता तुमाला काय सांगू," आप्पा माझा हात धरून म्हणाले. "लादीला नावं ठेवायची म्हंजे..."

"मला सांगताय? 'छे छे' माझ्या हितपर्यंत आलं होतं," मी गळ्याला हात लावून दाखवला.

ताट परत ओटीवर आलं. सुपारी फुटली. ताईने फोन उचलला आणि एवढंच म्हणाली, "ठरलं गो," आणि रडायला लागली. माझेही डोळे ओले झाले. ते कोणाला दिसू नये म्हणून मी उठून परसात गेलो. (पाणीही फार झालं होतं.)

बिरडं खरोखरच अप्रतिम होतं. मी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं, फक्त तोंडाने काही म्हणालो नाही, कारण सुनंदा शेजारी वाढत होती. जेवणं झाल्यावर तिने आणि माईने स्वयंपाकघरात बैठक मारली. बायका लोणच्याची कृती विचारतात तशा त्या दोघी एकमेकींना शब्द विचारत होत्या. "पचकणं काय गो?" माई विचारायची. सुनंदा मोटरसायकलची गोष्ट सांगायची. मग माई सांगायची, आमच्याकडे 'हवेत जाणं' म्हणतात, त्याच्या पुढची पायरी 'पतंग कटणं', म्हणजे इतकं उंच बोलायचं की आता खाली येता येत नाही. तीन बायांचं प्रकरण त्यातलं. सुनंदाला तो शब्द फार आवडला. निघताना तिने मला सांगितलं, की माझ्यासाठी तो उपयोगाचा नाही, मी कधी वर गेलोच नाही.

गाडीत बसायच्या आधी दोन्ही घरच्यांनी मिळून पहिला ठराव केला. लग्नात माईक माझ्या आणि आप्पांच्या आसपास येऊ द्यायचा नाही. बाकी मानपान, जेवण, मांडव, वाजंत्री यांवर पुढे बरेच दिवस घोळ चालला, पण या एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं जागच्या जागी एकमत झालं.

लग्न छान झालं. तात्यांच्या गालाची सूज उतरली होती, माईक त्यांच्याकडे होता. दीपाली सासरी रमली. मध्यंतरी तिचा फोन आला.

"मामा, रविवारी या. आप्पांनी मुद्दाम बोलावलंय."

मला भरून आलं. म्हटलं, "एवढा लळा लागला काय गो माझा त्यांना?"

"तसं नाय मामा," ती म्हणाली. "तुमी येऊन गेलात की माई चार दिवस आप्पांना शहाना माणूस म्हणतात."